छप्पर बघा, मंडळी

"आक्का, फेलेती विचारतोय, टीव्ही जरा भिंतीकडं सरकवला तर चालेल का?" कालो पडद्यापाशी उभी राहून ओरडली.

फेलेती तिच्यापासून दोन हातांवर उभा होता आणि त्याची बहीण मेलेआने पडद्यापलीकडच्या खोलीत, तीन हातांवर, चटई विणत बसली होती. दोघांचेही कान शाबूत होते. पण बहीण-भाऊ मोठे झाले की त्यांच्यातलं बोलणं असं वळसा घालूनच जातं आणि वावाऊ बेटावर तरी त्यात कुणाला वावगं वाटत नाही. घरात वहिनी असली तर वहिनीमार्फत, नसली तर पोराबाळांमार्फत.

"टीव्ही त्याचा, भिंत त्याची," मेलेआने म्हणाली. "मला काय विचारतो?"

"ऐकलंस ना? सरकव," कालो नवऱ्याला म्हणाली. "आणि वाकू नकोस एकदम. गुडघा धरून बसलास तर मला दोन-दोन माणसांची उठबस करावी लागेल."

पाऊस रात्रीपासून कोसळत होता. पत्र्यावर असा ताशा वाजत होता की साधं 'मीठ दे' म्हणायलाही गळा ताणावा लागत होता. बंदराकडे उतरणारी वाट लाल पाण्याने भरून वाहत होती. काल धुतलेले कपडे कालोने बाहेरच्या खोलीत दोरीवर टाकले होते आणि दोरीवर न मावलेल्या दोन चादरी आणि फेलेतीचा चर्चचा सदरा तिने खुर्चीवर पसरले होते. खुर्ची घरात एकच, फेलेतीची. बाकी सगळे चटईवर बसत, पण त्याचा उजवा गुडघा गेली सहा वर्षं मुडपत नव्हता.

मेलेआने ज्या खोलीत बसली होती ती खरं तर त्या दोघांची झोपायची खोली. ती ऑकलंडहून येणार म्हटल्यावर फेलेतीने खोलीला चुना काढला, नवा फुलाफुलांचा पडदा लावला, आणि नंतर वीस दिवसांत एकदाही तिच्या उंबऱ्याला पाय लावला नाही. रात्री तो मागच्या चुलीच्या खोपटात झोपायचा. बहीण ज्या छपराखाली झोपते त्याखाली भावाने झोपायचं नसतं. सदुसष्ट वर्षांचा म्हातारा धुराने काळ्या झालेल्या खोपटात झोपतोय म्हणून मेलेआनेचा जीव तुटायचा. पण आत झोप म्हटलं असतं तर त्याचाच अपमान झाला असता, म्हणून ती गप्प होती.

आजचा दिवस शेवटचा होता. उद्या दुपारच्या विमानाने ती परत जाणार होती. तिन्ही बॅगा बांधून झाल्या होत्या. एकाहत्तराव्या वर्षी, छातीत यंत्र बसवलेल्या बाईला डॉक्टर पुन्हा एवढा प्रवास करू देणार नाही, हे तिला ठाऊक होतं. तिच्या भावालाही ठाऊक होतं.

वीस दिवस ऊन होतं. ऊन असलं की फेलेती व्हॅनिलाच्या मळ्यात. वेलीच्या फुलांची लग्नं, पराग टेकवून, हाताने लावावी लागतात, ती सकाळीच, म्हणून तो उजाडायच्या आत निघायचा. रविवारी चर्च. बाकीचे दिवस पाहुणे, नातेवाईक, मेजवान्या, प्रार्थना. मेलेआने ज्या एका कामासाठी आली होती ते बॅगेच्या तळाशी, मोज्याच्या जोडीत गुंडाळून तसंच पडलं होतं. रात्री पत्रा वाजायला लागला तेव्हा ती अंधारात उठून बसली आणि आधी देवाचे आभार मानले. सकाळी तिने मोज्यातून ती तबकडी काढून कालोच्या हातात दिली.

"सिनेमा आहे," ती म्हणाली. "लांबच्या देशातला. इंग्रजीही नाही, खाली अक्षरंही येत नाहीत. मला मेलं काही कळत नाही त्यातलं. कुणी सांगणारा असता तर बघितला असता."

कालो बावळट नव्हती. तिने एकदा तबकडीकडे बघितलं, एकदा नणंदेकडे, आणि हाताची पाच बोटं स्वतःच्या तोंडावर ठेवून हसू दाबलं. मग ती चुलीकडे गेली. तिथे जे बोलणं झालं ते मेलेआनेला पावसातूनही ऐकू आलं.

"वेड लागलंय का? आक्कांसमोर? माझी जीभ उचलायची नाही!"

"आक्कांसमोर कशाला? मला सांग. मी तुझी बायको आहे की नाही? चाळीस वर्षांत एक सिनेमा तरी सांगितलास मला? मी आले तोवर तुझं थेटर बंद."

"आणि आक्का?"

"आक्का पलीकडं चटई विणतायत. पडदा आहे मध्ये. त्यांचे कान त्यांच्याजवळ, आपण काय कापून ठेवायचे का?"

चुलीत लाकूड सारल्याचा आवाज आला.

"बायाबाप्यांची चुंबाचुंबी निघाली तर?"

"मग तू आहेस की. तुझं छप्पर कुठं गेलं?"

छप्पर म्हणजे काय, हे वावाऊत साठीच्या पुढच्या कुठल्याही माणसाला विचारावं. नेइआफू गावच्या बंदराजवळ तेव्हा एक पत्र्याचं थेटर होतं. आता तिथे खिळे-हातोड्या मिळतात. सिनेमे यायचे इंग्रजीत, झिजलेले, मधूनच तुटणारे, आणि बघणाऱ्यांतल्या शंभरातल्या नव्वद जणांना इंग्रजीचं ओ की ठो कळायचं नाही. म्हणून पडद्याच्या कडेला एक खोकं ठेवलेलं असे आणि त्यावर एक माणूस उभा राहून सगळं आपल्या भाषेत सांगत असे. फेलेती विसाव्या वर्षी त्या खोक्यावर चढला. इंग्रजी त्याला शाळेच्या तिसऱ्या पुस्तकापुरतंच येत होतं. त्याला घेतलं ते आवाजासाठी. मुसळधार पावसात, पत्र्याखाली, शेवटच्या बाकावरच्या बहिऱ्या म्हातारीलाही त्याचा शब्द न् शब्द पोचायचा.

आणि काय सांगायचा! घोड्यावरून उतरलेल्या डाकूला तो वावाऊचा मामा चिकटवून द्यायचा. राजवाड्यातल्या मेजवानीत राणी म्हणायची की डुक्कर नीट भाजलेलं नाही. एकदा शाळेचे मास्तर मध्येच उठून ओरडले, "तो असं म्हणत नाहीये! साफ खोटं सांगतोय हा!" तर सगळं थेटर त्यांच्यावर उलटलं. "मास्तर, बसा खाली. आम्ही फेलेतीचा सिनेमा बघायला आलोय." आणि पडद्यावर नायक-नायिकेची तोंडं जवळ यायला लागली, की फेलेती हात उंच करून गरजायचा, "छप्पर बघा, मंडळी, छप्पर! काय सुरेख पत्रा बसवलाय!" लोक बाकांवर पाय आपटून आपटून हसायचे. शेतात, मोटारीपाशी कुणी पोरगा-पोरगी उभी दिसली तरी लांबून कुणीतरी ओरडायचं, छप्पर बघा.

हे सगळं मेलेआनेला ऐकून ठाऊक होतं. थेटरात घराघरांची ठरलेली वाटणी असे, शुक्रवारी भावांनी जायचं, शनिवारी बहिणींनी, कारण प्रेमाच्या गोष्टी बहीण-भावाने एका छताखाली बघायच्या नसतात. मेलेआनेचा भाऊ मात्र शुक्रवारीही थेटरात आणि शनिवारीही थेटरात. त्यामुळे सगळ्या नेइआफूने फेलेतीला ऐकलं, बंदरावर उतरलेल्या परक्या खलाशांनीही ऐकलं, एका त्याच्या बहिणीने ऐकलं नाही. मैत्रिणी दुसऱ्या दिवशी कपडे धुताना नकला करून दाखवायच्या आणि हिने हसायचं.

एकदाच ती गेली होती. पंचवीस वर्षांची असताना, अशाच पावसात, थेटराबाहेरच्या नीरफणसाखाली जाऊन उभी राहिली. आतून नुसता हसण्याचा लोंढा यायचा, मध्ये एक आवाज वर चढायचा, पण शब्द कळायचे नाहीत. थोड्याच वेळात आत्या आली आणि दंडाला धरून घरी घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या उशाशी खोबऱ्याच्या बिस्किटांचा पुडा होता. कुणी ठेवला ते तिने विचारलं नाही. दोन वर्षांनी लग्न होऊन ती ऑकलंडला गेली.

"लागला, लागला!" कालो ओरडली. "आक्का, मी इथं पडद्याला टेकून बसते. तोपाई ठेवलीय तुमच्यासमोर, गार होऊ देऊ नका."

मेलेआनेने वाडगा जवळ ओढला. नारळाच्या गोड पाकात पोहणारे उकडलेले गोळे. पावसात खायचं ते हेच. पण तो तसाच बाजूला ठेवला. तिने पुन्हा केवड्याच्या पाती हातात घेतल्या. दमट हवेत पाती मऊ झाल्या होत्या, बोटांना आपसूक वळत होत्या. पडद्यापलीकडून बासरीसारखं एक वाद्य वाजायला लागलं आणि तिला पुढचं सगळं डोळ्यांसमोर दिसायला लागलं, कारण तो सिनेमा तिने शंभरदा तरी बघितला होता.

ऑकलंडमध्ये तिने आधी कचेऱ्या झाडल्या, मग कोंबड्या सोलायच्या कारखान्यात उभी राहिली, आणि शेवटची अकरा वर्षं नेवेन्काबाईंना सांभाळलं. नेवेन्काबाई क्रोएशियातल्या एका बेटावरून लहानपणी आलेल्या. म्हातारपणी त्यांचं डोकं एकेक खोली बंद करत गेलं आणि पहिल्यांदा बंद झाली ती इंग्रजीची. त्या पाणी मागायच्या, उशी मागायच्या, देवाला हाका मारायच्या, सगळं त्यांच्या बेटावरच्या बोलीत. मुलांना ती येत नव्हती. मग मेलेआनेच शिकली. आधी पाणी, मग उशी, मग देव, आणि तिसऱ्या वर्षी दोघी त्या भाषेत कडाकडा भांडायलाही लागल्या. पाऊस आला की नेवेन्काबाईंना हा सिनेमा लागायचा. ऑकलंडला पावसाची काय कमी? बाई गेल्यावर मुलांनी विचारलं, आईची आठवण म्हणून काय हवं, तेव्हा मेलेआनेने ही तबकडी मागून घेतली. इंग्रजी सिनेमा आता वावाऊतल्या शेंबड्या पोरालाही कळतो. फेलेतीला पुन्हा खोक्यावर चढवायचं तर असाच सिनेमा हवा होता, जो दुसऱ्या कुणाला कळणार नाही.

"एक... एक बेट आहे," फेलेती म्हणाला. आवाज फाटका, चोरटा, स्वतःच्याच घरात चोरी केल्यासारखा.

"काय?" कालो म्हणाली. "पाऊस आहे वर! मोठ्यानं बोल की!"

"बेट आहे. दगडच दगड. माती अशी नाहीच. बिचारी गरीब माणसं दिसतात, रताळं सुद्धा यायचं नाही इथं."

"मग खातात काय?"

"खातात काहीतरी. झाडाला बारकी बारकी काळी फळं आहेत. एक म्हातारी ती गोळा करतेय. ही सासू असणार."

"कशावरून?"

"तोंडावरून."

मेलेआने पातीवर वाकून हसली. ती सासू नव्हती, नायकाची मोठी बहीण होती, आणि ती म्हणत होती की यंदा ऑलिव्ह किडले. फेलेतीने तिच्या तोंडी घातलं की सुनेने काल शिजवलेली भाजी खारट होती. आणि गंमत अशी की तिचं बोट दाखवणं, सुनेने मान फिरवणं, सगळं त्या खारट भाजीत चपखल बसलं. त्याने नायकाचं नाव तोमासी ठेवलं आणि त्या सुनेचं फिने.

"अगं, कालो, गाढव!"

"बायबलातलं?"

"तेच! तोमासी त्याच्याशी बोलतोय. म्हणतो, गाढवा, तुला सांगतो म्हणून कुणाला सांगू नकोस, मला परदेशी जायचंय."

खरं तर तोमासी गाढवाला शिव्या देत होता. पण परदेशी जायची गोष्ट खरी होती, पुढच्याच प्रसंगात निघायची होती. याला कसं कळलं, म्हणून मेलेआनेचा हात पातीवर थांबला. मग तिच्या लक्षात आलं की बेटावरचा जवान माणूस समुद्राकडे असा बघत उभा राहिला, तर तो काय विचार करतो हे वावाऊतल्या माणसाला दुसऱ्या कुणी सांगायला लागत नाही.

हळूहळू आवाज चढत गेला. खरखर निघून गेली. आता तो पावसाशी झगडत नव्हता, त्याच्यावर बसून चालला होता. सासू वेगळी, फिने वेगळी, गाढव वेगळं. शेजारच्या लग्नाचं जेवण झालं, नाच झाला. फेलेतीने त्या वऱ्हाडात नेइआफूचे दोन-तीन ओळखीचे खादाड घुसवले आणि कालो "हा तर आपला पोस्टमास्तर!" म्हणून खिदळली. मग बंदर आलं. बोट आली. मेलेआनेने हातातलं काम खाली ठेवलं. आता तोमासी पेटी खाली ठेवणार होता, फिनेच्या डोक्यावरचा रुमाल मागे सरकणार होता.

पलीकडे घसा खाकरल्याचा आवाज आला.

"छप्पर बघा, मंडळी, छप्पर!" फेलेती गरजला. "दगडाचं आहे, दगडाचं! अख्ख्या गावात एक पत्रा नाही! काय ती रचना, काय ते कोपरे..."

कालो चटईवर आडवी झाली. मेलेआनेने अर्धी विणलेली चटई तोंडात कोंबली. हसता हसता तिचे डोळे कधी वाहायला लागले ते तिचं तिलाच कळलं नाही. चाळीस-पंचेचाळीस वर्षं जे दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलं ते आज त्याच्या तोंडून, तिच्या कानांनी ऐकलं होतं. ऑकलंडहून इथवर यायचं सार्थक झालं, असं तिला वाटलं. तिने तोपाईचा वाडगा उचलला आणि दोन गोळे खाल्ले.

पण हसून दमलेल्या कालोचं पुढे वेगळंच झालं. ती पहाटे चारपासून उठलेली, पोटात गोड, वर पावसाचा सूर. बोटीने वळण घेतलं न घेतलं तोच तिचं घोरणं सुरू झालं.

"कालो?" फेलेती म्हणाला. "अगं ए, कालो."

कालो कुठली उठते! फेलेती गप्प झाला. टीव्हीवर कुणी बोलत होतं, वर पाऊस वाजत होता, आणि तो गप्प होता. मेलेआनेला त्याचं बरोबर कळलं. बायकोला सांगायचं म्हणून सांगत होतो, बायको तर झोपली. आता सांगायचं ते कुणाला? आता हा बंद करणार टीव्ही, म्हणणार उरलेला नंतर बघू, आणि तो नंतर काही आता यायचा नव्हता. तिला हाक मारावीशी वाटली, 'फेलेती, सांग रे.' जीभ उचलली नाही. जन्मात कधी तिने त्याच्याकडे अशी थेट काही मागणी केली नव्हती.

मग तिला आठवलं की मैत्रिणी सांगायच्या, थेटरात सिनेमा तुटला की लोक पाय आपटायचे. तिने मूठ वळली आणि जमिनीच्या फळ्यांवर दोनदा ठोकली. ठक, ठक.

पलीकडे काही हललं नाही. तिने पुन्हा ठोकली, जरा जोरात.

"तर मंडळी," फेलेती म्हणाला.

त्याचा आवाज आता बदलला होता. मोठा होता, पण गमती गेल्या होत्या. टीव्हीवर फिने दिव्यापाशी बसून पत्र वाचत होती. पत्रात खरं काय होतं ते मेलेआनेला तोंडपाठ होतं. तोमासीने लिहिलं होतं की खाणीत माणसं मरतात, मी काही परत येत नाही, माझी वाट बघू नकोस.

"तोमासीचं पत्र आलंय," फेलेती सांगू लागला. "तो लिहितो, इथं सगळं ठीक आहे. थंडी आहे, पण घर उबदार आहे. शेजारी भले आहेत. पाठवलेली चटई पोचली. ती मी अंथरलेली नाही, भिंतीला लावलीय. आईला सांगा, मी रोज पोटभर जेवते. माझी काळजी करू नका."

'जेवते' म्हणाला तो, 'जेवतो' नाही. त्याच्या ते लक्षात आलं नसावं. मेलेआने बसल्या जागी थिजली. ते तिचं पत्र होतं. ऑकलंडहून घरी पाठवलेलं पहिलं पत्र, आईसाठी लिहिलेलं. घर उबदार नव्हतं, कुणाची तरी मोटार ठेवायची खोली होती ती, आणि चटई भिंतीला लावली होती ती भिंतीतून वारा यायचा म्हणून. आईला वाचता येत नव्हतं. पत्रं कुणीतरी वाचून दाखवत असणार हे तिला ठाऊक होतं, पण कोण, हे तिने कधी मनात आणलं नव्हतं. सांगणारा माणूस घरातच तर होता.

"आणि फिने काय करते? पत्र वाचते, घडी घालते, पुन्हा उघडून वाचते. तिला कळतं की हे सगळंच काही खरं नाही. थंडीचं तेवढं खरं आहे. पण ती कुणाला बोलत नाही. रोज संध्याकाळी ती बंदरावर जाते. बोटीतून उतरणारं आपलं कुणी नाही, हे तिला माहीत असतं. तरी जाते. लोक विचारतात, काय गं, इकडं कुठं? ती म्हणते, मासे बघायला आले."

फेलेती संध्याकाळी बंदरावर जाऊन बसतो, मासे बघतो, असं कालो कधीमधी फोनवर चेष्टेने सांगायची. मेलेआनेने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. तिने आवाज होऊ दिला नाही. आवाज झाला असता तर तो लाजून थांबला असता.

पाऊस मंदावत आला. पत्र्यावरचा ताशा थांबून नुसते थेंब मोजता येतील इतकं झालं, आणि सिनेमातलं बोलणं पडद्यातून स्वच्छ ऐकू यायला लागलं. आता शेवट आला होता. तोमासी परत आला होता, म्हातारा, पांढरा, हातात तीच पेटी. दगडी घर, बंद दार. कुंपणापाशी काळ्या कपड्यातली शेजारीण. नेवेन्काबाई इथे नेहमी मेलेआनेचा हात घट्ट धरायच्या.

शेजारीण म्हणाली, "ती गेली रे. हिवाळ्यात गेली. देवळामागं पुरलंय तिला."

मेलेआनेने ते ऐकलं, शब्द न् शब्द कळलं. आणि त्याच वेळी, त्या शब्दांवरून, तिच्या भावाचा आवाज आला.

"शेजारीण म्हणते, आलास का बाबा! बस. फिने पाणी आणायला गेलीय. झऱ्यापर्यंत गेलीय, येईलच एवढ्यात."

टीव्हीवर त्या म्हाताऱ्याने टोपी काढली असणार. पेटी बाजूला ठेवली असणार. उंबऱ्यावर बसून तो समोरच्या वाटेकडे बघत असणार, सिनेमा संपेपर्यंत तो बघतच राहतो.

"तो टोपी काढतो," फेलेती म्हणाला. "बसतो. त्याला काही घाई नाही. इतकी वर्षं गेली, आता घडाभर पाण्याला कितीसा वेळ लागणार? वाट दिसतेय. फिने अजून दिसत नाही. पण वाट दिसतेय, मंडळी, आणि पाण्याचा आवाज येतोय."

बासरी वाजायला लागली. मास्तरांसारखं उठून खरं सांगायचं मेलेआनेच्या मनातही आलं नाही. शंभरदा बघितलेल्या त्या सिनेमात आज पहिल्यांदाच ती बाई मेली नव्हती, पाणी आणायला गेली होती, आणि नेवेन्काबाईंना हे ऐकवायला हवं होतं असं तिला फार वाटलं.

"संपला?" कालो दचकून उठली. "अगंबाई! काय झालं शेवटी?"

"बाई पाणी आणायला गेलीय," फेलेती म्हणाला.

"मग?"

"मग काय? येईल."

"एवढंच? यासाठी दोन तास घसा फोडलास?" कालोने जांभई दिली. पलीकडे काही कुजबूज झाली. मग तिने पडद्यातून डोकं आत घातलं. "आक्का, फेलेती विचारतोय, हा सिनेमा तुम्ही सांभाळलेल्या त्या म्हाताऱ्या बाईंचाच असणार, त्यांनी कधी तुम्हाला गोष्ट सांगितली होती का? शेवट असाच होता का, म्हणतोय. त्याला वाटतं, त्याचं कुठंतरी चुकलं असेल."

मेलेआनेने डोळे आधीच पुसून घेतले होते. "सांग त्याला, अगदी असाच. पाणी आणायलाच गेलेली असते ती."

"तंतोतंत?"

"तंतोतंत. एक शब्द इकडचा तिकडं नाही."

फेलेती मागच्या दाराने बाहेर गेल्याचं आणि खोपटाच्या वळचणीला उभा राहिल्याचं तिला चाहुलीने कळलं. तबकडी काढून कालो तिच्या हातात द्यायला लागली, तेव्हा मेलेआने म्हणाली, "राहू दे इथंच. तिकडं मला कोण सांगणार?"

तोपाईचा वाडगा घेऊन ती पडदा सारून बाहेरच्या खोलीत आली आणि तिथेच थबकली. खुर्ची भिंतीला होती. तिच्यावर दोन्ही चादरी आणि चर्चचा सदरा सकाळी पसरले होते तसेच होते, एक सुरकुती इकडची तिकडे झाली नव्हती. खाली फळ्यांवर चादरींतून गळलेलं पाणी साठलं होतं. टीव्हीसमोर मात्र दोन ओल्या पावलांचे ठसे अजून वाळले नव्हते, एकाच जागी, शेजारी शेजारी. बहीण ऐकते आहे, तर भाऊ बसेल कसा? तो दोन तास उभा होता, न मुडपणाऱ्या त्या गुडघ्यावर.

कालो चुलीकडे गेली होती. मेलेआनेने चादरी उचलून दोरीच्या टोकाला दाटीवाटीने टाकल्या, सदरा खुंटीला लावला. खुर्चीची बैठक ओली होती, ती तिने आपल्या परकराच्या काठाने कोपऱ्या-कोपऱ्यातून कोरडी केली. मग कालोला हाक मारून म्हणाली, "त्याला सांग, आत ये म्हणावं, बाहेर गार आहे. मी माझ्या खोलीत जाते."

ती आत गेली. पडदा नीट ओढून घेतला आणि अर्धी चटई मांडीवर घेतली. थोड्या वेळाने मागचं दार वाजलं, जड पावलं आली, आणि पलीकडे खुर्ची करकरली. मग तिने पुढची पात उचलली.